पाकिटावर लिहिलंय ते

४ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानदाराने दिलेली ही मागच्या वर्षीची डायरी कोरीच पडून होती. तारखा चालतात, वार तेवढे चुकतात. ते खोडून मी आपले नवे घालते. हिशेबाची वही वेगळी आहे, पण तिच्यात मनातलं लिहायला रकाना नाही.

आज कचऱ्याच्या गाडीवाल्याने इमारतीचा सगळा कचरा दारातच सोडला. आता म्हणे प्लास्टिक वेगळं हवं, धुतलेलं हवं आणि वाळलेलंही हवं. खाली नुसता कलकलाट. माझी पिशवी तेवढी त्याने उचलली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, या काकूंकडून शिका. मला बरं वाटलं. प्रार्थनेला बसले तेव्हाही तेच डोक्यात घोळत होतं, त्याबद्दल देवाने मला क्षमा करावी.

आमच्याकडे पाकीट टाकायचं ते फाटून हातात आल्यावरच. दुधाच्या पावडरीचं पाकीट चांगलं जाड असतं, वर दाबून बंद होणारी पट्टी असते. ते कचऱ्यात घालायला माझा हात धजत नाही. त्यात मी कपड्यांची पावडर भरते. साखरेच्या पाकिटांत धुण्याचा सोडा आणि असलंच काहीबाही, बिस्किटांच्या मोठ्या पाकिटात डाळ, चहाच्या पाकिटात खिळे-स्क्रू. डावीकडच्या फळीवर खायचं आणि उजवीकडच्या फळीवर न खायचं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. मुलगी याच घरात लहानाची मोठी झाली, कधी गल्लत नाही. हे थट्टा करायचे, "आपल्या घरात पाकीट म्हणजे नुसता सदरा. आत कोण आहे ते तुलाच ठाऊक."

आणि हे म्हणणारा माणूस निवृत्त होईपर्यंत पाकिटं छापणाऱ्या कारखान्यात तपासनीस. छापलेला रोल उजेडात धरायचा, रंग हललाय का, अक्षर तुटलंय का, वजन आणि मुदत नीट उठलीय का ते बघायचं, आणि मग म्हणायचं, "पास." घरीही तीच सवय. भाजी चाखली की पास. मुलीचं प्रगतिपुस्तक पास. जावई पहिल्यांदा घरी येऊन गेले तेव्हा दाराची कडी लावता लावता, "पास."

९ फेब्रुवारी

पुन्हा मीठ आणलं. परवा आणलेलं अजून उघडलेलंही नाही. मी पाव आणायला सांगितला होता. म्हणाले, तूच मीठ म्हणालीस. मी कशाला मीठ म्हणेन? कपाटात एवढं मीठ झालंय की समुद्रानेच उसनं मागायला यावं. बोलले तर तोंड फिरवून खुर्चीत जाऊन बसले. या वयात माणसं हट्टी होतात असं ऐकलं होतं, आता बघते आहे.

१५ फेब्रुवारी

दुपारी इमारतीतल्या बायका पाकिटं धुवायला शिकायला आल्या. यात शिकवण्यासारखं ते काय, पण आल्या. तेलाची पिशवी आधी कोमट पाण्याने, मग साबणाने, मग उलटी करून चिमट्याला टांगायची. उघडलेलं पाकीट पुन्हा बंद करायची माझी रीतही दाखवली. करवतीच्या मोडक्या पात्यावर पाकिटाची घडी घालायची, कड केसभर बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरकवायची. थांबलं की भोक पडतं, घाई केली की चिकटत नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीला पहिल्याच फटक्यात जमलं. बाकीच्यांनी माझ्या स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास करून ठेवला.

हे बाजूला बसून होते. एकेक पाकीट हातात घेऊन छपाईच्या चुका काढत होते. इथे निळा हललाय, इथे वजनाचा आकडा तिरका आहे. चष्मा न लावता. बायका थक्क. एकीने विचारलं, काका, अजून एवढं लक्षात आहे? तर म्हणाले, "लक्षात ठेवायला काय झालं, उद्या सकाळची पाळी आहे माझी." सगळ्या खो खो हसल्या. हे म्हातारपणी विनोदी झालेत. शिवणवाली तेवढी हसली नाही. तिला विनोद उशिरा कळत असावा.

२१ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटत होतं, पण न लिहिल्याने गोष्ट घडली नाही असं होत नाही.

सकाळपासून गुडघे धरले होते. धुणं झाल्यावर जरा आडवी झाले तर हे स्वतःहून म्हणाले, पड तू, चहा मी करतो. मला एवढं बरं वाटलं की डोळाच लागला. उठवलं ते कप हातात देऊनच. चहावर पांढरा फेस. म्हटलं दूध उतू जाता जाता राहिलं असेल. पहिला घोट घेतला आणि मोरीकडे धावले. कपड्यांची पावडर!

मी नाही नाही ते बोलले. जन्मभर पाकिटं जपून संसार केला त्याची ही थट्टा, असंही बोलले. हे शांतपणे म्हणाले, "दूध संपलं होतं. पाकिटावर दुधाची पावडर लिहिलंय." उजव्या फळीवरचं पाकीट! आणि वर विचारतात, आवडला नाही का. त्यांचा स्वतःचा कप अर्धा झाला होता. मला खिजवायला स्वतः अर्धा कप पिऊन दाखवला, तोंडही वाकडं न करता. जिद्द म्हणावी की काय म्हणावं.

२३ फेब्रुवारी

अबोला. पोट दुखतंय का विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. जेवायला वाढलं. जेवले, पण पास म्हणाले नाहीत. मीही वाट बघितली नाही.

वाट बघितली.

२७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ती लांब राहते, आठवड्यातून एकदा बोलतो. चहाचा प्रकार मी हसत हसत सांगितला, म्हटलं ऐकून तीही हसेल. ती हसली नाही. मग काय काय विचारत बसली. बाबा रस्ता चुकतात का? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का? तुला नावाने हाक मारतात का? मी म्हटलं, अगं, तीस-चाळीस वर्षं झाल्यावर कोण कोणाला नावाने हाक मारतं, "अगं" म्हणतात आणि मी जाते. म्हणाली, आई, त्यांना डॉक्टरांकडे ने, आणि ती पाकिटं काढून टाक, मी काचेच्या बरण्या पाठवते.

पाकिटं तिच्या डोळ्यांत आधीपासूनच खुपतात. लग्न झाल्यावर तिने पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर बरण्या. नको म्हटलं. बरणी फुटली की गेली. पाकीट पडलं तर उचलून ठेवता येतं.

ह्यांना थोडी समज दे आणि मला सोसायची ताकद दे, असं मागितलं. समज आधी मागितली.

४ मार्च

कंटाळा आला आहे. कशाचा ते धड सांगता येत नाही. दोरीवर पिशव्या वाळत घातल्यात, त्या काढायलाही उठवत नाही.

हे पाव आणायला गेले आणि कितीतरी वेळ आलेच नाहीत. शेवटी शिवणवाली घेऊन आली. नाक्यावर भेटले म्हणाली, काका उभे होते, येतच होते. जाताना माझा हात दाबून गेली. पाव नव्हता. मी काही विचारायच्या आत हेच म्हणाले, "आज कंपनीची गाडी आलीच नाही." आणि बूट काढून, पूर्वी पाळीवरून आल्यावर बसायचे तसे पाय ताणून बसले.

मी काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

११ मार्च

आज जे झालं ते माझ्या हाताने झालं.

मोरीची नळी तुंबली की घालायची पूड मी सुटी घेते, स्वस्त पडते. पांढरी, खडेखडे, कातडीला लागली की भाजणारी. साखरेच्या रिकाम्या पाकिटात भरून, माझ्या रीतीने मेणबत्तीवर कड चिकटवून, उजव्या फळीवर अगदी मागे ठेवली होती. मी गच्चीवर होते. खाली आले तर ह्यांनी पाकीट कात्रीने नीट सरळ कापलेलं, समोर चहा गाळून ठेवलेला. दोन कप. ओलं बोट पुडीत घालून ते जिभेकडे नेत होते, साखर बारीक आहे की जाड ते बघायला. मी हातावर फटका मारला. बोट ओठाला लागलंच.

किंचाळले की काय कोणास ठाऊक, शिवणवाली धावत आली. तिने नळ सोडला आणि ह्यांचा हात आणि तोंड त्याच्याखाली धरून ठेवलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग रिक्षा, मग दवाखाना. देवाची कृपा एवढीच की पोटात काही गेलं नाही. बोटाचं टोक आणि ओठाचा कोपरा भाजला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला मऊ. मलम लावता लावता त्यांनी ह्यांना विचारलं, काका, हा महिना कोणता? हे म्हणाले, "आत्ता कुठला माल छपाईला लागलाय त्यावर आहे ते." बाई हसल्या. वर्ष विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "ते हिला विचारा, हिशेब ही ठेवते." मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्यांनी गोल इतका सुरेख काढला. आकडे सगळे एकाच बाजूला दाटीने लिहिले, बसमध्ये चढताना माणसं दाटतात तसे. दुसरी बाजू रिकामी. मला वाटलं आता पूर्ण करतील. पेन्सिल खाली ठेवून दिली.

ह्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. बाईंना म्हणाले, "पाकिटावर साखर छापलंय आणि आत भलतंच. हा माल बाहेर जायला नको होता. कंपनीला कळवा." आणि मग भाजलेल्या ओठाने, हळूच, "कोणी भरलंय हे?"

मी तिथेच बसले होते. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पदराची कड नीट करत बसले.

बाहेर आल्यावर बाईंनी मला आजाराचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. म्हणाल्या, हे आज सुरू झालेलं नाही, दीडेक वर्ष असेल. जुनं राहतं, नवं टिकत नाही. वाचता येत राहील, आणि जे वाचतील ते खरं धरतील.

१२ मार्च

मीठ, पाव, चहा, कंपनीची गाडी. सगळं माझ्यासमोरच होतं. एकाला मी हट्ट म्हटलं, एकाला थट्टा, एकाला म्हातारपण. प्रत्येकाला दुसऱ्याच कशाचं तरी पाकीट चढवून फळीवर ठेवून दिलं.

आणि तो चहा. मला बरं नाही म्हणून केला होता.

प्रार्थनेला बसले, पण काही मागितलं नाही. नुसती बसले.

मुलीला फोन केला. ती निघते म्हणाली. मी म्हटलं, सावकाश ये, बरण्या आणू नकोस. बरणीवर काही लिहिलेलं नसतं.

१४ मार्च

स्वयंपाकघर रिकामं केलं. फळ्यांवरचं सगळं जमिनीवर आणि मी मधोमध, उठता येईना की बसता येईना. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, कीडनाशक, जे जे खायचं नाही ते एका पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. खायचं सगळं नवं आणलं, आपापल्या पाकिटात. साखरेच्या पाकिटात साखर आणि डाळीच्या पाकिटात डाळ. किराणावाला म्हणाला, काकू, पाहुणे येणार का? मी हो म्हटलं.

मग माळ्यावरून जपलेली पाकिटं काढली. घडी घालून, आकाराप्रमाणे गठ्ठे करून, रबर लावून ठेवलेली. माळा रिकामा होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की मी इतकी साठवली आहेत. भंगारवाल्याला वर बोलावलं. तो दारातच थबकला. "मावशी, घर सोडताय की काय?" दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या त्याने खुशीने घेतल्या. असा स्वच्छ माल हाताला लागत नाही म्हणाला. चकचकीत पाकिटं मात्र नको म्हणाला, त्यांना आतून चंदेरी थर असतो, ती कोणी वितळवत नाही. म्हणजे मी ज्यांना सगळ्यात जास्त जपलं त्यांनाच कोणी घेईना. त्यातली जाड पाकिटं शिवणवालीने नेली, बाजाराच्या पिशव्या शिवणार आहे. उरलेली उद्याच्या गाडीत जातील. धुतलेली आहेतच.

या सगळ्यात हे कुठे होते? मध्येच येऊन खुर्ची ओढून बसले आणि नवं सामान फळीवर लावायला लागले. प्रत्येक पाकीट उजेडात धरायचं, नाव वाचायचं, जरा हलवून आवाज ऐकायचा आणि ठेवायचं. इतक्या दिवसांत ह्यांचा चेहरा असा बघितला नव्हता. कामावर असल्यासारखा. मी मुद्दाम सावकाश एकेक हातात देत राहिले.

गाडीवाला मला उद्या काय म्हणेल कोण जाणे. त्याची शिकवणारी काकू सगळ्यात मोठा गठ्ठा घेऊन उभी असेल.

१९ मार्च

ह्यांच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चिठ्ठी केली. ती सदऱ्याबरोबर धुण्यात गेली आणि खिशात लगदा झाला. दुसरी केली, ती ह्यांनी नाक्यावर कोणाला तरी दिली. "त्याला हवी होती" म्हणाले.

मुलगी उद्या येते आहे. काल फोनवर तिने मला विचारलं, आई, तू जेवतेस ना? हा प्रश्न बऱ्याच दिवसांत मला कोणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं आणि मग उभ्या उभ्या पाव खाल्ला, खोटं नको म्हणून.

२० मार्च

मुलगी संध्याकाळी पोचेल. सकाळी शिवणवाली एक पारदर्शक पाकीट देऊन गेली, बटणं येतात ते. छोटं, हाताच्या पंजाएवढं, कोरं. म्हणाली, "काकू, टाकणार होते, पण तुमची आठवण झाली." सगळी पाकिटं घरातून घालवली आणि बघा, एक पुन्हा आलंच. मी ते धुतलं. धुवायची गरज नव्हती.

जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं. ह्यांचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, माझा नंबर, मुलीचा नंबर. माझं अक्षर बरं आहे, शालान्त परीक्षेच्या वेळी मास्तरही म्हणायचे. कागद पाकिटात घातला, करवतीचं पातं काढलं, मेणबत्ती लावली. ही कड नीट लागली नाही तर पाणी आत जाणार. थांबले नाही, घाई केली नाही.

वासाने हे आतून आले. पाकिटं जोडताना असाच वास यायचा म्हणे कारखान्यात. माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि आधी कड तपासली, अंगठ्याने दाबून, दोन्ही बाजूंनी ताणून. सुटली नाही. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. बोटाची पट्टी कालच निघाली आहे, त्या बोटाने एकेक ओळ वाचत गेले. नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण, एखाद्या नव्या मालाचं वाचावं तसं. पत्ता वाचला. पाकीट उलटं करून मागची बाजू बघितली.

"मुदत छापायची राहिली," म्हणाले.

मी म्हटलं, "ती आपल्याला छापायची नसते. ती देवाकडे असते."

हे त्यांना पटलं असावं. मान हलवली. पण पाकीट खाली ठेवेनात. पुन्हा नावावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि दवाखान्यात विचारलं होतं तसंच, हळू आवाजात विचारलं, "कोणी भरलंय हे?"

या वेळी मी पदराशी खेळत बसले नाही. "मी भरलंय," म्हटलं.

ह्यांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात सरकवलं. "मग पास."

खिशाचं बटण मी लावलं.